इंडीपॉप

इंडीपॉप म्हणजे सिनेमात नसलेली, थेट अल्बम म्हणून आलेली हिंदी आणि पंजाबी पॉप गाणी. हा शब्द आपल्याकडे रुळला तो नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी असं काही नव्हतंच असं नाही, नाझिया हसनचा 'डिस्को दिवाने' 1981 चा आहे आणि बाबा सेहगलचं रॅप 1992 मध्ये गल्लोगल्ली वाजत होतं, पण ती सुटी सुटी उदाहरणं, लाट आली ती 1995 नंतर.

लाट आणली केबलने. 1994 मध्ये स्टारच्या केबल वाहिन्यांतून एमटीव्ही हा गाण्यांचा चॅनल गेला, त्याच्या जागी चॅनल व्ही आला, मग 1996 मध्ये एमटीव्ही भारतीय होऊन परत आला आणि दोघांनाही दिवसभर दाखवायला व्हिडिओ हवे होते. सिनेमाच्या गाण्यांचे हक्क कॅसेट कंपन्यांना महाग पडायला लागले होते, त्यामानाने एक गायक, एक संगीतकार आणि एक व्हिडिओ हे गणित परवडायचं. 1995 ला अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' आला, संगीत बिद्दूचं (नाझियाचा तो अल्बम पण त्याचाच), व्हिडिओत मिलिंद सोमण. त्याच वर्षी दलेर मेहंदीचं 'बोलो ता रा रा' आलं आणि बँडवाल्यांनी ते लगेच वरातीत घेतलं.

पण माझ्या मते खरा बदल वेगळाच झाला, गाणाऱ्याला चेहरा मिळाला. तोवर आवाज कसाही असून चालायचं नाही, तो पडद्यावरच्या हिरोला शोभला पाहिजे. लकी अलीचा आवाज बघा, थोडा घोगरा, थकल्यासारखा, शब्द तोंडातल्या तोंडात ठेवणारा, अडतिशीच्या आसपासच्या ह्या माणसाला 1996 मध्ये 'सुनो' अल्बम मिळाला आणि 'ओ सनम'च्या व्हिडिओत इजिप्तच्या पिरॅमिडसमोर गाताना तो स्वतःच दिसला, कुणा हिरोसाठी नाही. शुभा मुद्गल तर शास्त्रीय बैठकीतल्या, त्यांचं 'अब के सावन' (1999) कॉलेजातली पोरं गुणगुणत होती. शर्टपँट घालून दांडिया गाजवणारी फाल्गुनी पाठक आणि हरिहरन-लेस्ली लुईस यांचे कलोनियल कझिन्स ह्यातलेच. आशा भोसल्यांनीही साठी ओलांडल्यावर लेस्लीबरोबर 'जानम समझा करो' केला आणि तो नव्या पोरांच्या अल्बमांच्या शेजारी उभा राहिला, ही साधी गोष्ट नाही.

ही गाणी घरी यायची ती कॅसेटवर. ओरिजिनल घ्यायला पैसे नसले की कोरी साठ नाहीतर नव्वद मिनिटांची कॅसेट आणि वहीच्या पानावर लिहिलेली यादी घेऊन दुकानात जायचं, दोन-तीन दिवसांनी भरून मिळायची, बाजू संपत आली की शेवटचं गाणं मधेच तुटायचं, आणि ते इतक्या वेळा ऐकलेलं असायचं की पूर्ण गाणं पुढे कधी कानावर पडलं तर तेच चुकीचं वाटायचं. रीळ बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळायची.

मराठीत ह्याच सुमारास मिलिंद इंगळे आणि कवी सौमित्र यांचा 'गारवा' आला. भावगीताच्या घरातलाच, पण गिटार आणि मधे बोललेली कविता घेऊन आलेला. मराठी गाण्याला तरुण ऐकणारा परत मिळाला तो ह्या अल्बममुळे, असं मला मनापासून वाटतं.

ओहोटी दोन बाजूंनी लागली. सिनेमाने हे गायक आणि हा आवाज आपल्याकडे ओढला, गायक केकेचा 'पल' हा अल्बम 1999 चा, त्याच वर्षी तो 'हम दिल दे चुके सनम'मध्ये गायला आणि पुढे सिनेमाचाच झाला. दुसरी बाजू रिमिक्सची. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गाणं येऊन दोन वर्षं झाली की नोटीस आणि रॉयल्टी देऊन त्याचं व्हर्जन रेकॉर्डिंग, म्हणजे तेच गाणं दुसऱ्याच्या आवाजात नव्याने, करता यायचं, म्हणजे नवीन चाल, नवीन शब्द कशाचीच गरज नाही, जुनं हिट गाणं, खाली बीट आणि वर एक व्हिडिओ. 2002 च्या 'कांटा लगा'नंतर चॅनलवर तेच दिसायला लागलं आणि नव्या माणसाच्या नव्या गाण्याला जागा उरेना. 2012 च्या दुरुस्तीत ही मुदत पाच वर्षांची झाली, पण तोपर्यंत गाणी मोबाइलमध्ये गेली होती आणि कॅसेट भरून देणारे दुकानदार रिचार्ज विकत होते.