कुत्र्यांमधील प्रोस्टेट ग्रंथीची वाढ

नसबंदी (वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया) न केलेल्या नर कुत्र्यांमध्ये वयाबरोबर प्रोस्टेट (अष्ठीला) ग्रंथी आकाराने मोठी होत जाते. ही वाढ कर्करोगाची नसते. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या बहुतेक अशा कुत्र्यांत ती कमी-अधिक प्रमाणात आढळते. त्रास मात्र त्यातल्या काहींनाच होतो.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रनलिकेला वेढून असते. वीर्यातला बराचसा द्रव तीच तयार करते आणि कुत्र्यात या कामाला दुसरी सहायक ग्रंथी नाही. वृषणांतून येणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचे ग्रंथीत डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनते. या संप्रेरकामुळे पेशी वाढत राहतात, पुढे ग्रंथीत लहान-लहान द्रवाच्या पुटीही होतात.

वयस्कर पुरुषांत याच दुखण्यात लघवी तुंबते, म्हणून कुत्र्याचे मालकही लघवीकडेच लक्ष ठेवतात. कुत्र्यात मात्र ग्रंथी मुख्यतः बाहेरच्या बाजूला फुगते आणि वरून जाणारे गुदाशय दाबते. कुत्रा शौचाला बसून कुंथत राहतो, शी चपटी, फितीसारखी पडते. मालक बद्धकोष्ठ समजून आहार बदलत बसतात. लिंगातून लघवीव्यतिरिक्त रक्ताचे थेंब पडणे ही दुसरी ठळक खूण. वीर्यातही रक्त दिसू शकते. सततच्या कुंथण्याने गुदद्वाराशेजारी हर्निया होण्यास हातभार लागतो.

पशुवैद्य गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. साध्या वाढीत ती दोन्ही बाजूंना सारखी मोठी लागते आणि दाबल्यावर दुखत नाही. सोनोग्राफीत पुटी आणि गळू दिसतात. ताप, वाकून चालणे, पोटाला हात लावू न देणे अशी लक्षणे असतील तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. त्यात बहुधा ई. कोलाय हा जंतू सापडतो. जुनाट संसर्गात ग्रंथीत नीट शिरणारी प्रतिजैविके निवडून काही आठवडे द्यावी लागतात. चार दिवसांत कुत्रा खेळू लागला म्हणून गोळ्या थांबवल्या तर दुखणे उलटते. प्रजननासाठी ठेवलेल्या कुत्र्यात ब्रुसेलाची तपासणीही करतात. हा जंतू माणसालाही लागू शकतो.

त्रास नसलेल्या वाढीला औषध लागत नाही. त्रास असेल तर वृषणे काढणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तीन आठवड्यांच्या आसपास ग्रंथी साधारण निम्म्यावर येते आणि पुढेही आक्रसत राहते. आपल्याकडे मादीची शस्त्रक्रिया करून घेणारे मालकही नराच्या बाबतीत का-कू करतात. ती भीड वैद्यकीय नव्हे, माणसाची आहे. प्रजननासाठी राखलेल्या कुत्र्याला फिनास्टेराइड ही डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनणे रोखणारी गोळी देता येते. गर्भवती स्त्रीने मात्र या गोळीचा चुरा हाताळू नये. डेस्लोरेलिन हे टेस्टोस्टेरॉन कमी करणारे, त्वचेखाली बसवायचे रोपण आहे. त्याने पहिले काही दिवस त्रास वाढू शकतो. पूर्वी वापरात असलेले इस्ट्रोजेन टाळतात, कारण त्याने अस्थिमज्जा दबते.

वृषणे आणि प्रोस्टेट यांचे हे नाते शिकागोचे शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी कुत्र्यांवरच अभ्यासले. वृषणे काढली की ग्रंथीचा स्राव आटतो आणि टेस्टोस्टेरॉन दिले की पुन्हा सुरू होतो, हे त्यांनी दाखवले. त्यातून पुरुषांच्या प्रोस्टेट कर्करोगावर संप्रेरकांचा उपचार निघाला आणि १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

कुत्र्याचा प्रोस्टेट कर्करोग मात्र या उपचाराला सहसा दाद देत नाही. तो क्वचित होतो, पण नसबंदी झालेल्या कुत्र्यांतही होतो. काही पाहण्यांत त्यांच्यात तो अधिकच आढळला आहे. त्यामुळे लहानपणीच नसबंदी झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याची ग्रंथी मोठी लागली तर तिला वयाची वाढ म्हणून सोडून देता येत नाही. ती खडबडीत असेल, सोनोग्राफीत कॅल्शियमचे ठिपके दिसत असतील किंवा मागचे पाय लटपटत असतील, तर पेशींची तपासणी करून कंबरेचे मणके आणि जवळच्या लसीका ग्रंथीही पाहाव्या लागतात.