कॉमिकचा शेवट कुणाच्या हातात? मुख्य प्रवाहातलं आणि स्वतंत्र कॉमिकमधलं लेखन

अमेरिकन कॉमिकच्या दुकानात मार्व्हलचा एक मासिक अंक आणि इमेज कॉमिक्सचा एक अंक शेजारी ठेवले, तर बाहेरून फरक दिसत नाही. आकार तोच, पिना तशाच, गोष्टीची वीस-बावीस पानं, छपाई रंगीत आणि किंमतही जवळपास सारखी. पुष्कळदा दोन्हींवर लेखकाचं नावही एकच असतं. म्हणून वाचक एक सोपी खूण धरून बसतात: अंगरखा घालून उडणारे नायक असले की मुख्य प्रवाह, साधी माणसं असली की स्वतंत्र. त्याला दुसरा समज चिकटतो, की स्वतंत्र म्हणजे लेखन चांगलं.

दोन्ही समज चुकीचे आहेत. इमेज १९९२ मध्ये सात चित्रकारांनी सुरू केली ती सुपरहिरोंच्याच जोरावर, आणि त्या पहिल्या अंकांतलं बरंचसं लेखन कच्चं होतं. उलट डीसीसारख्या थोरल्या कंपनीने १९८९ ते १९९६ या काळात ‘सँडमॅन’चे ७५ अंक काढले. ते आजही कॉमिकमधल्या उत्तम लेखनाचा नमुना म्हणून वाचले जातात. खरा फरक पात्राची मालकी कुणाकडे आहे यात आहे. लेखनाचे गुणदोष बहुतेक तिथूनच उगवतात.

सुपरमॅनचे सगळे हक्क त्याच्या दोन जनकांनी, जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी, १९३८ मध्ये १३० डॉलरला देऊन टाकले. पानाला १० डॉलर, तेरा पानं. मार्व्हल आणि डीसीमध्ये आजही लेखक जे लिहितो ते मोबदला घेऊन कंपनीला करून दिलेलं काम असतं आणि कायद्याच्या नजरेत कंपनीच त्याची कर्ती ठरते. लेखक तिथे भाडेकरू आहे. भिंतींना रंग देता येतो, भिंत पाडता येत नाही. नायक ज्या अवस्थेत हाती आला, साधारण त्याच अवस्थेत पुढच्या लेखकाकडे द्यायचा असतो. त्यामुळे या गोष्टींना मध्य असतो, पण शेवट नसतो. १९९२ च्या ‘सुपरमॅन’ अंक ७५ मध्ये सुपरमॅन मेला आणि पुढच्याच वर्षी परत आला. इंद्रजाल कॉमिक्स वाचत मोठे झालेल्यांना हे वेताळावरून चटकन पटेल. ली फॉक यांनी १९३६ मध्ये वेताळ सुरू केला, १९९९ मध्ये ते वारले, आणि वेताळ मात्र दुसऱ्यांच्या लेखणीतून चालूच राहिला.

आता ‘द वॉकिंग डेड’ घ्या. रॉबर्ट कर्कमन यांची ही मालिका २००३ मध्ये, हक्क निर्मात्यांकडेच ठेवणाऱ्या इमेजकडून सुरू झाली आणि २०१९ मध्ये १९३व्या अंकाला संपली. आधीच्या अंकात नायक मेला आणि मग मालिकाच थांबली. वाचकांना सुगावा लागू नये म्हणून पुढच्या अंकांची मुखपृष्ठं आणि जाहिराती मुद्दाम खोट्या तयार केल्या होत्या. खपणारी मालिका अशी एका अंकात थांबवणं कंपनीसाठी लिहिणाऱ्या लेखकाला शक्यच नाही. म्हणून अशा गोष्टीत पात्राच्या जिवाची भीती खरी वाटते. मुख्य प्रवाहातल्या लेखकाला ती निर्माण करायला दुसरे मार्ग शोधावे लागतात. नायक जगणारच आहे, तर त्याला जगण्यासाठी काय गमवावं लागेल, हे तो लिहितो.

या दोघांच्या मध्ये ‘वॉचमेन’ उभा आहे, आणि गोंधळ सगळ्यात जास्त त्याच्यावरून होतो. १९८६-८७ चे बारा अंक, लेखन ॲलन मूर, चित्रं डेव्ह गिबन्स, बहुतेक पानांवर तीन गुणिले तीन अशा नऊ चौकटींची जाळी. रचना इतकी घट्ट की वाचणाऱ्याला हे स्वतंत्र पुस्तक वाटतं. पण प्रकाशक डीसी आहे. पुस्तकाची छपाई बंद झाली की काही काळाने हक्क निर्मात्यांकडे परत जातील, असं करारात होतं. छपाई कधी बंद झालीच नाही. २०१२ मध्ये मूर यांचा उघड विरोध असताना डीसीने इतरांकडून आधीच्या घटनांच्या मालिका लिहून घेतल्या, २०१७ पासून पुढची गोष्टही काढली. लेखकाने बंद केलेलं दार मालकाने उघडलं.

लेखनाच्या दर्जावर दुसरा परिणाम शब्द कधी लिहिले जातात याचा होतो. साठच्या दशकात मार्व्हलमध्ये रुळलेली पद्धत अशी: लेखक कथानकाचा थोडक्यात आराखडा देतो, चित्रकार पानं रचून काढतो, आणि लेखक चित्रं समोर ठेवून संवादाचे फुगे भरतो. कामाचा उरक होतो आणि चित्रकाराला मोकळीक मिळते. ‘फँटास्टिक फोर’च्या ४८व्या अंकासाठी जॅक कर्बी यांनी पानं काढली, तेव्हा त्यांत आराखड्यात नसलेला एक चंदेरी माणूस फळीवर उडत होता. तोच पुढे सिल्व्हर सर्फर झाला. पण या पद्धतीचा एक ठरलेला दोष आहे. चित्र आधीच सगळं सांगून बसलेलं असतं आणि शब्द तेच पुन्हा सांगतात. नायक भिंत फोडताना दिसतो आणि फुग्यात म्हणतो, ‘मला ही भिंत फोडलीच पाहिजे!’ असं कॉमिक हाती आलं तर फुगे झाकून एक पान वाचा. गोष्ट पूर्ण कळली, तर शब्द वरून चिकटवलेले आहेत.

दुसरी पद्धत पूर्ण संहितेची. चौकटीगणिक चित्राचं वर्णन आणि संवाद आधी लिहायचे. आज दोन्ही गोटांत हीच जास्त चालते. तिचा धोका उलटा आहे: लेखक चौकटीत मावणार नाही इतकं लिहितो. यावर जुन्या संपादकांचं एक माप आहे, मूर यांनीही ते पाळल्याचं सांगितलं आहे: पानावर सहा चौकटी, चौकटीत जास्तीत जास्त ३५ शब्द, म्हणजे पानाला २१० शब्द. चौकटी नऊ केल्या तर प्रत्येकीतले शब्द त्याच हिशोबाने कमी करायचे. हे ओलांडलं की फुगे चेहऱ्यांवर चढतात आणि वाचक चित्र न बघता मजकूर वाचत सुटतो. क्लीव्हलंडचे हार्वी पेकार यांनी १९७६ पासून ‘अमेरिकन स्प्लेंडर’ स्वखर्चाने काढलं. त्यांना चित्र काढता येत नव्हतं, पण ते संहिता कागदावर चौकटी आखून, काडीची माणसं काढून आणि त्यांच्या डोक्यावर संवाद लिहून देत. कुठल्या चौकटीत कुणी गप्प राहायचं हेसुद्धा त्या काड्यांमध्ये ठरलेलं असे. रांगेत उभं राहणं, ऑफिसातल्या फायली लावणं एवढ्या विषयावर त्यांनी पानं उभी केली, ती या नेमकेपणामुळे.

मुख्य प्रवाहातल्या लेखकाची आणखी एक अडचण म्हणजे मध्येच येणारी पाहुणी गोष्ट. कंपनी एक मोठी सामायिक घटना ठरवते आणि डझनभर मालिकांना आपापला धागा सोडून तिच्यात सामील व्हावं लागतं. १९८४ ची ‘सीक्रेट वॉर्स’ ही मालिका तर मॅटेल कंपनीच्या खेळण्यांशी जोडूनच आखली होती. वीस पानांच्या अंकात सहा-सात पानं दुसऱ्या मालिकेतली हकिकत समजावण्यात गेली, तर लेखकाच्या हातात उरतं काय? सलग वाचताना एखादं पात्र अचानक बिनकामाचं भाषण करू लागलं, की कारण बहुधा हेच असतं.

पण मालकी हातात असल्याने लेखन आपोआप सुधारत नाही. इमेजच्या रीतीत कंपनी विक्रीतून आपलं ठरावीक शुल्क कापून घेते आणि उरलेलं निर्मात्यांना देते. आगाऊ पानामागे पैसे मिळत नाहीत. दुकानदार दोन महिने आधी मागणी नोंदवतो आणि न खपलेले अंक सहसा परत घेतले जात नाहीत, म्हणून तो नव्या नावाला हात आखडता घेतो. मग पहिल्या अंकात सगळा दारूगोळा उडवायचा, पाचव्या-सहाव्या अंकापर्यंत पैसा संपायचा आणि गोष्ट अर्ध्यावर सुटायची, असं वारंवार घडतं. चित्रकार बदलायचा नाही, हा हट्टही महागात पडतो. ‘सागा’ २०१८ मध्ये ५४व्या अंकावर थांबलं आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. थोरल्या कंपनीने महिन्याभरात बदली चित्रकार आणला असता. इथे वाट पाहणं योग्य ठरलं, कारण चित्रकार फिओना स्टेपल्स यांनी काढलेले चेहरे हाच त्या लेखनाचा अर्धा भाग आहे.

आणि संपादक नसणं ही नुसती मोकळीक नसते. डेव्ह सिम यांनी ‘सेरेबस’चे ३०० अंक १९७७ ते २००४ या काळात स्वतःच प्रकाशित केले. चिकाटी अजोड, पानांची रचना पाहत राहावी अशी. पण पुढे पुढे सलग गद्याची पानं आणि बायकांबद्दलची त्यांची कडवट मतं गोष्टीवर चढून बसली. थांब म्हणणारं कुणीच नव्हतं. याउलट ख्रिस क्लेरमाँट यांनी मार्व्हलच्या चौकटीत राहून १९७५ ते १९९१ एक्स-मेनची माणसं अंकामागून अंक वाढवली. तिथे संपादक आणि छपाईची तारीख दोन्ही डोक्यावर होती, आणि त्याचा लेखनाला फायदाच झाला.

शेवटचा फरक अक्षरांत दिसतो. मोठ्या कंपनीत अक्षरलेखन हे सगळ्यात शेवटचं काम. संगणकावर ठरलेल्या वळणाची अक्षरं आणि गोल फुगे बसवले की अंक छपाईला. स्वतंत्र कॉमिकमध्ये फुगा हा लेखनाचाच भाग होऊ शकतो. याचं उत्तम उदाहरण आपल्या जवळचं आहे. अमर चित्रकथेने १९७९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांवर अंक काढला: चौकोनी चौकटी, वर निवेदनाची पट्टी, खाली संवाद, नेहमीच्या साच्यात. २०११ मध्ये दिल्लीच्या ‘नवयान’ने त्याच आयुष्यावर ‘भीमायन’ काढलं. पाणी, निवारा, प्रवास असे त्याचे भाग आहेत. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला आणि पानं भिंतीवरच्या दिगणा या पारंपरिक नक्षीसारख्या वळणांनी विभागली. फुगेही तसेच अर्थ सांगणारे. सोसणाऱ्याचं, मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं. मनातला विचार दाखवणाऱ्या फुग्याला डोळा आहे. आणि लहानग्या भीमाला जे हिणवतात, त्यांच्या फुग्याच्या शेपटीला विंचवाची नांगी आहे.