पाच वाटे वेग, दोन वाटे फिरकी

पटरचा, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायच्या काठीचा, हलका धक्का बसतो आणि गोल्फचा चेंडू होलकडे निघतो. बघणाऱ्याला तो पहिल्या क्षणापासून गडगडत चालल्यासारखा वाटतो. खरं तर सुरुवातीला तो गवतावरून नुसता घसरत असतो. धक्का मध्यावर बसलेला असतो, त्यामुळे चेंडूला वेग मिळतो, फिरकी जवळजवळ मिळतच नाही. फिरकी देतं ते खालचं गवत. चेंडूचा तळ गवताला घासतो आणि तिथलं घर्षण एकाच वेळी दोन कामं करतं: चेंडूचा वेग कमी करतं आणि तळाला मागे ओढून त्याला फिरायला लावतं. वेग उतरत जातो, फिरकी चढत जाते. दोघांचा मेळ बसला की घासणं थांबतं आणि खरं गडगडणं सुरू होतं.

हा मेळ बसतो तेव्हा चेंडूकडे मूळ वेगाचा ५/७ भाग उरलेला असतो. पदार्थविज्ञानातल्या ज्या आकड्यांवर माझा जीव आहे, त्यांतला हा एक. गवत ओलं असो की कोरडं, चेंडू जड असो की हलका, लहान असो की मोठा, हा अपूर्णांक बदलत नाही. निसरड्या गवतावर तिथवर पोचायला वेळ जास्त लागतो, एवढंच. ५/७ ठरतो तो चेंडूचं वस्तुमान आत कसं पसरलं आहे त्यावरून. चेंडू भरीव असेल तर ५/७. पातळ कवचाचा पोकळ असता तर ३/५. सेकंदाला २ मीटर वेगाने निघालेला चेंडू घ्या आणि घर्षणांक ०.४ धरा. पहिले २५ सेंटिमीटर तो घसरतो आणि सेकंदाच्या सातव्या हिश्शात सारं आटोपतं. तेवढ्यात त्याच्या ऊर्जेचा २/७ भाग उष्णता होऊन गेलेला असतो.

पुढचं गडगडणं मात्र फार सावकाश मंदावतं. ग्रीनचं, म्हणजे होलभोवतीच्या सपाट पट्ट्याचं, गवत जेमतेम काही मिलिमीटर उंचीचं असतं, आणि चेंडू त्याला दाबत दाबत जातो म्हणून थोडी थोडी ऊर्जा गमावतो. ही मंदगती मोजायला १९३५ साली एडवर्ड स्टिम्पसन यांनी एक साधी खोबणीची पट्टी बनवली. पट्टी हळूहळू उचलायची, ठरावीक उतार आला की चेंडू आपोआप सुटतो, आणि तो सपाट ग्रीनवर जितके फूट जाईल तितका त्या ग्रीनचा वेग. १० फुटांच्या ग्रीनवर गवताची ओढ चेंडूच्या वजनाच्या जेमतेम अठराव्या हिश्शाइतकी असते. म्हणूनच तिथे तीन-साडेतीन अंशांचा उतारसुद्धा घातक. त्यावरून खाली सुटलेला चेंडू लवकर थांबायचं नाव घेत नाही.

होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा किमान ४२.६७. चेंडू बरोबर मधून आला तरी पलीकडची कड गाठण्याआधी तो निदान अर्ध्या उंचीइतका खाली पडायला हवा. तेवढं पडायला सेकंदाचे ६६ सहस्रांश लागतात. त्या वेळात त्याच्या मध्यबिंदूला सुमारे ८७ मिलिमीटरच जाता येतं, म्हणजे वेग सेकंदाला १.३ मीटरच्या आत हवा. त्याहून जोरात आलेला चेंडू पलीकडच्या कडेवर आपटतो; मग तो आत जाईल की उडून बाहेर, हे त्या टकरीवर. बाजूने शिरणाऱ्याच्या वाट्याला होलची रुंदी आणखी कमी येते. हळू चेंडूसाठी होल खरोखरच मोठं असतं.

जमिनीवर फिरकी गवताकडून मिळते, हवेत जाणारा चेंडू ती फटक्यातच घेऊन निघतो. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब (काठी), आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या हिश्शाची. तेवढ्यात ४६ ग्रॅमच्या आतल्या या चेंडूवर सरासरी सातशे किलो वजनाइतकं बल पडतं. व्यावसायिक खेळाडूचा चेंडू सेकंदाला ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटर वेगाने, जमिनीशी अकरा अंशांचा कोन करून सुटतो. क्लबचा चेहरा मागे कललेला असल्याने सोबत मिनिटाला सुमारे २,७०० फेऱ्यांची उलटी फिरकी मिळते.

शाळेतलं प्रक्षेपकाचं सूत्र याला लावून बघा. हवा नसती तर हा चेंडू दहा मीटर उंच जाऊन तीन सेकंदांत २१५ मीटरांवर उतरला असता. प्रत्यक्षात तो तीसएक मीटर उंच जातो, सहा सेकंदांच्या आसपास हवेत राहतो आणि २५० मीटरांवर टेकतो. हवा त्याला सतत मागे ओढते आणि तरीही तो हवेमुळेच लांब जातो! एडिनबर्गचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच कोड्याचा पिच्छा पुरवला. चेंडूला फीत बांधून तो मातीच्या भिंतीत मारायचा आणि फितीला किती पीळ पडले ते मोजायचं, अशी त्यांची युक्ती. कोड्याचं उत्तर होतं उलटी फिरकी. ती मागून जाणाऱ्या हवेला खाली वळवते, आणि हवा चेंडूला वर ढकलते. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. सुरुवातीला ही उचल चेंडूच्या वजनाहूनही जास्त असते. फिरकीचा आस जरा कलला, की तीच उचल चेंडूला डावीउजवीकडे वळवून झाडीत नेते.

राहिल्या त्या अंगावरच्या तीन-चारशे खळ्या. वेगात जाणाऱ्या चेंडूच्या अंगाला हवेचा एक पातळ थर चिकटून वाहतो. गुळगुळीत चेंडूवर तो शांत असतो, पण त्याच्यात जोर नसतो. चेंडूच्या सर्वांत रुंद भागाच्या जरा आधीच तो अंग सोडतो आणि मागे कमी दाबाचा रुंद, खळबळता पट्टा तयार होतो. पुढे जास्त दाब, मागे कमी, म्हणून चेंडू मागे ओढला जातो. पाव मिलिमीटर खोलीच्या खळ्या या थरालाच ढवळून काढतात. ढवळलेल्या थरात बाहेरची वेगवान हवा मिसळते, तो पाठीवर बराच मागेपर्यंत टिकून राहतो, आणि मागचा पट्टा अरुंद होतो. ओढ जवळपास निम्मी होते. गुळगुळीत चेंडूवरही असं होतं, पण त्यासाठी त्याला ताशी साडेतीनशे किलोमीटरांच्या पुढे जावं लागेल. खेळाडूंना याचा सुगावा सिद्धांताच्या कितीतरी आधी लागला होता. १८४८ नंतर आलेले गटापर्चाचे (झाडाच्या चिकापासूनच्या रबरासारख्या पदार्थाचे) नवे, तुळतुळीत चेंडू नीट उडत नसत आणि मार खाऊन ओरखडलेले जुने चेंडू छान जात. मग लोक नवे चेंडूच हातोडीने ठोकू लागले. खळ्यांचं पेटंट विल्यम टेलर यांनी १९०५ साली मागितलं.

१९७१ मध्ये अंतराळवीर ॲलन शेपर्ड यांनी चंद्रावर दोन चेंडू मारले. तिथे हवा नाही, म्हणून ओढ नाही, उचलही नाही. खळ्या आणि फिरकी दोन्ही निरुपयोगी. अवघड पोशाखात एका हाताने मारलेला त्यांतला लांबचा चेंडू जेमतेम ४० यार्ड गेला, असं पुढे छायाचित्रांवरून काढलेल्या मोजमापात दिसलं.

पृथ्वीवरचा चेंडू खाली उतरतो तेव्हा बरीचशी फिरकी त्याच्याकडे शिल्लक असते, आणि मग पटरच्या वेळचाच हिशोब पुन्हा लागू होतो. गडगडू लागल्यावरचा वेग म्हणजे पाच वाटे पुढचा वेग आणि दोन वाटे फिरकीमुळे चेंडूच्या पृष्ठभागाला आलेला वेग, यांच्या बेरजेचा सातवा भाग. उलट्या फिरकीचे दोन वाटे वजा धरायचे. वेजने, म्हणजे खूप कललेल्या चेहऱ्याच्या क्लबने, मारलेला चेंडू मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत फिरतो. तेव्हा त्याचा पृष्ठभाग सेकंदाला २२ मीटरने उलटा धावत असतो. टप्पा पडताना यातली काही फिरकी खर्च होते. पण उरलेले दोन वाटे पुढच्या पाच वाट्यांवर भारी पडले, तर ग्रीनवर टेकलेला चेंडू क्षणभर थबकतो आणि ज्या बाजूने आला त्याच बाजूला गडगडत परत निघतो.