अंतराळातील दीर्घ मुक्काम आणि माणसाचा मेंदू : पार्श्वभूमी

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन ‘वोस्तोक’ यानात बसले, तेव्हा यान हाताने चालवण्याची यंत्रणा कुलूपबंद होती. ती उघडण्याचा तीन आकडी संकेत, १-२-५, एका बंद लिफाफ्यात ठेवलेला होता. वजनरहित अवस्थेत माणसाची बुद्धी शाबूत राहील की नाही याची तेव्हा कोणालाच खात्री नव्हती, आणि भ्रमिष्ट झालेल्या वैमानिकाच्या हाती यान जाऊ नये म्हणून ही तजवीज केलेली होती. ज्याला लिफाफा उघडून आकडे वाचता आणि दाबता येतील तो शुद्धीवर आहे, असे त्यामागचे साधे गणित होते. अंतराळ आणि मेंदू यांच्या संबंधाचा इतिहास असा भीतीपासून सुरू होतो. गागारिन १०८ मिनिटांत सुखरूप परतले आणि वेड लागण्याची भीती मागे पडली. मात्र त्यानंतरच्या साठ वर्षांत जे काही कळले, त्याचा बराचसा भाग अंतराळवीरांच्या किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींतून कळला आहे, आणि त्या तक्रारी ज्या वेळी गंभीरपणे ऐकल्या गेल्या त्याच वेळी विज्ञान पुढे सरकले.

पहिली तक्रार सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव यांची होती. ऑगस्ट १९६१ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी अंतराळात एक दिवसाहून अधिक काळ काढला. यान कक्षेत पोचताच आपण उलटे झालो आहोत असे त्यांना वाटू लागले, मग मळमळ सुरू झाली. झोपायला गेले तर हात आपोआप वर तरंगू लागले, तेव्हा त्यांनी ते पट्ट्याखाली खोचून ठेवले. या साऱ्याचे मूळ पोटात नसून कानात होते. आपल्या आंतरकर्णात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात. डोके कलले की ते वजनामुळे सरकतात आणि वर कुठे व खाली कुठे हे मेंदूला कळते. कक्षेत वजनच जाणवत नसल्यामुळे हे कण कलण्याची खूण देत नाहीत, डोळे मात्र भलतेच काही सांगत राहतात, आणि या परस्परविरोधी साक्षींचा मेळ घालताना मेंदू गोंधळतो. दोन-चार दिवसांत तो कानाचे ऐकणे कमी करून डोळ्यांवर भिस्त ठेवायला शिकतो. अंतराळाने मेंदूत घडवलेला हा पहिला ओळखता आलेला बदल म्हणता येईल.

जून १९७० मध्ये आंद्रियान निकोलायेव्ह आणि विताली सेवास्त्यानोव्ह ‘सोयूझ ९’मधून १८ दिवसांनी परतले. त्यांना उभे राहणेही जड गेले. त्या काळातील सोव्हिएत अंतराळवीरांची आणखी एक तक्रार सांगितली जाते, ती अशी की परतल्यावर सपाट पलंगावर पडले की आपण पायांच्या बाजूने घसरत आहोत असे त्यांना वाटे. पायथा थोडा उचलला, की पलंग सपाट भासे. यातूनच पुढे पायथा वर आणि उशाकडची बाजू सहा अंशांनी खाली ठेवलेल्या पलंगावर निरोगी स्वयंसेवकांना आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवण्याची पद्धत रुजली, आणि जमिनीवर राहून अंतराळाचा अभ्यास करण्याचा तो आजही मुख्य मार्ग आहे.

मात्र तक्रार करणे प्रत्येकाला परवडत नसे. नोव्हेंबर १९७३ मध्ये ‘स्कायलॅब’ या अमेरिकी अंतराळ स्थानकावर पोचलेल्या शेवटच्या चमूतील विल्यम पोग यांना पहिल्याच दिवशी उलटी झाली. तिघांनी मिळून ती गोष्ट जमिनीवर न कळवण्याचे ठरवले, पण त्यांचे बोलणे यानातील ध्वनिमुद्रकाने टिपले होते आणि ते ध्वनिमुद्रण खाली पोचताच त्यांना समज मिळाली. हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचे उड्डाण हातचे जाईल या धास्तीने किती गोष्टी सांगितल्याच गेल्या नसतील याची त्यावरून कल्पना येते. हाच चमू ८४ दिवस राहिला. सुजलेले चेहरे आणि काटकुळे झालेले पाय तेव्हा नीट मोजले गेले. पायांकडचे रक्त व पाणी छाती-डोक्याकडे सरकते हे त्यातून पक्के झाले, पण कवटीच्या आत त्याचे काय होते हे पाहण्याचे साधनच त्या काळी हाताशी नव्हते.

एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा ‘सॅल्यूत ७’ या सोव्हिएत स्थानकावर गेले, तेव्हा योगासनांनी हा अंतराळातील त्रास कमी होतो का, हे त्यांच्यावर तपासले गेले. जेमतेम आठ दिवसांच्या मुक्कामात या प्रश्नाचा निकाल लागणे शक्य नव्हते.

दीर्घ मुक्कामाची खरी कसोटी रशियन अंतराळवीर वालेरी पोल्याकोव्ह यांनी दिली. ते स्वतः डॉक्टर होते. जानेवारी १९९४ ते मार्च १९९५ असे सलग ४३७ दिवस ते ‘मीर’ स्थानकावर राहिले, आणि हा विक्रम अद्याप मोडलेला नाही. स्मरण, तर्क आणि हाताचा नेमकेपणा तपासणाऱ्या चाचण्या त्यांनी उड्डाणापूर्वी, उड्डाणात आणि परतल्यावर वारंवार दिल्या. अंतराळातील पहिले काही आठवडे आणि परतल्यानंतरचे पहिले काही दिवस सोडले, तर त्यांची कामगिरी जवळपास पूर्वीसारखीच राहिली. माणसाचे मन तगते, असा त्याचा अर्थ लावला गेला. तो चुकीचा नव्हता, पण मन तगले म्हणजे मेंदूत काहीच बदलले नाही, असे मात्र होत नाही. एप्रिल १९९८ मध्ये ‘कोलंबिया’ शटलने ‘न्यूरोलॅब’ ही केवळ मज्जासंस्थेला वाहिलेली सोळा दिवसांची मोहीम नेली. उंदीर, मासे, गोगलगायी आणि खुद्द अंतराळवीर अशा साऱ्यांवर मिळून तिच्यात २६ प्रयोग झाले.

मेंदूकडे नेणारी वाट अखेर चष्म्यातून सापडली. दीर्घ मोहिमेत जवळचे दिसेनासे होते, ही कुरबुर अंतराळवीरांमध्ये जुनीच होती. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मायकेल बॅरट आणि रॉबर्ट थर्स्क हे दोघे डॉक्टर एकाच वेळी मुक्कामाला होते. दोघांनाही वाचायला त्रास होऊ लागला, तेव्हा त्यांनी एकमेकांचे डोळे तपासले. डोळ्याची मुख्य नस जिथे आत शिरते तिथे सूज आढळली. २०११ मध्ये सुमारे सहा महिने राहून आलेल्या सात अंतराळवीरांच्या डोळ्यांचा तपशील प्रसिद्ध झाला. त्यात नसेची सूज, मागून चपटे झालेले नेत्रगोल आणि पडद्यामागच्या थरातल्या घड्या नोंदवलेल्या होत्या. डोळ्याची नस म्हणजे मेंदूचाच बाहेर आलेला धागा असल्यामुळे, डोळ्याच्या मागे असे काही घडत असेल तर कवटीत काय घडत असेल, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिला नाही.

त्याचे उत्तर एमआरआयने दिले. २०१७ मध्ये डोना रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी ३४ अंतराळवीरांची उड्डाणापूर्वीची आणि नंतरची चित्रे ताडून पाहिली. त्यांतील १८ जण सरासरी साडेपाच महिने राहिलेले होते, तर १६ जण दोनेक आठवड्यांचे पाहुणे होते. मेंदूच्या मधोमध उतरणारी मुख्य खाच दीर्घ मुक्काम केलेल्या १८ पैकी १७ जणांत अरुंद झालेली होती, अल्प मुक्काम केलेल्यांत मात्र केवळ तिघांत. कवटीतला मेंदू पाण्यात ठेवलेल्या मऊ वस्तूसारखा असतो. जमिनीवर त्याचे वजन खाली ओढत असते, ती ओढ गेली की तो थोडा वर सरकतो, माथ्याकडची मोकळी जागा दाटते आणि आतल्या पोकळ्यांत पाणी साठते. २०२३ मध्ये ३० अंतराळवीरांच्या अभ्यासातून असे दिसले, की या पोकळ्यांचा विस्तार पहिल्या सहा महिन्यांत वाढत जातो आणि मग मंदावतो. त्याहून लक्षणीय बाब अशी, की दोन उड्डाणांत तीन वर्षांपेक्षा कमी अंतर असेल तर पोकळ्यांना पूर्ववत व्हायला पुरेसा अवधी मिळत नसावा. अंतराळवीरांच्या नेमणुका ठरवणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवायला हवा, असे मला मनापासून वाटते.

येथे सावधपणा आवश्यक आहे. आकार बदलला म्हणजे बुद्धी घटली, असे या चित्रांवरून म्हणता येत नाही. स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस स्थानकावर राहिले, आणि त्यांचे जुळे बंधू मार्क जमिनीवर होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, परतल्यावर स्कॉट यांचा चाचण्यांमधील वेग आणि अचूकपणा कमी झालेला आढळला, व तो सहा महिने तसाच राहिला. पण हा एका माणसाचा दाखला आहे, आणि परतीनंतरची दगदग त्यात कितपत मिसळली आहे हे वेगळे काढणे कठीण आहे.

जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला सुमारे वीस दिवसांनी परतले. आपला लॅपटॉप हवेत तरंगत राहील अशा समजुतीने त्यांनी तो पलंगाशेजारी सोडून दिला आणि तो खाली पडला, हे त्यांनीच सांगितले. तितोव यांच्या तरंगत्या हातांची ही उलट बाजू आहे. वीस दिवसांत नवे नियम शिकलेला मेंदू जुने नियम आठवायला काही काळ घेतोच.

एका तक्रारीचा माग मात्र अजून पुरता लागलेला नाही. १९६९ मध्ये चंद्राकडे जाताना बझ ऑल्ड्रिन यांना अंधारात डोळे मिटलेले असताना प्रकाशाचे ठिपके चमकलेले दिसले. वैश्विक किरणांचे कण दृष्टिपटलातून आरपार गेल्याने ते दिसतात हे पुढे समजले, आणि जे कण डोळ्यातून जातात ते मेंदूतूनही जातात. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे उंदरांवर असा कणमारा करून पाहिला असता त्यांच्या स्मरणावर आणि शिकण्यावर परिणाम झालेले दिसले आहेत. पण पोल्याकोव्ह, केली आणि स्थानकावरचे सारे दीर्घ मुक्कामी हे कण बऱ्याच अंशी अडवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या आतच राहिलेले आहेत. मंगळाची एकेरी वाटच सहा ते नऊ महिन्यांची आहे, आणि कवचाबाहेरची सर्वांत लांब मानवी मोहीम म्हणजे डिसेंबर १९७२ मधली ‘अपोलो १७’, ती साडेबारा दिवसांची होती.