कामावरचा अपघात आणि भरपाई: एका जुन्या सौद्याची पार्श्वभूमी

यंत्रात कामगाराचा हात सापडला, तर कायदा दोन वेगळे प्रश्न विचारू शकतो. चूक कोणाची होती? किंवा, अपघात कामामुळे झाला का? पहिला प्रश्न अपकृत्य कायद्याचा, म्हणजे टॉर्टचा. त्यात मालकाचा निष्काळजीपणा कोर्टात सिद्ध करावा लागतो. तो सिद्ध झाला तर बुडालेली मजुरी, औषधोपचार, सोसलेल्या वेदना, पुढच्या आयुष्याचे नुकसान असे सगळे मागता येते. दुसरा प्रश्न कामगार भरपाई कायद्याचा. तिथे चूक कोणाची हे बघितले जात नाही. पैसे मिळण्याची खात्री बरीच जास्त असते, पण ते ठरलेल्या तक्त्याप्रमाणे आणि मजुरीच्या काही हिश्श्याइतकेच मिळतात. वेदनांसाठी वेगळे काही नाही. शिवाय अनेक देशांत त्या बदल्यात मालकावर दावा लावण्याचा हक्क सोडावा लागतो.

अमेरिकेत या देवघेवीला ‘मोठा सौदा’ म्हणतात. तो रास्त होता का, हे आजच्या टॉर्टशी तुलना करून कळत नाही. सौदा झाला तेव्हा कामगाराच्या हातात काय होते, ते आधी पाहायला हवे.

जवळजवळ काहीच नव्हते. 1837 मध्ये इंग्लंडमध्ये प्रीस्टली विरुद्ध फाउलर हा खटला निकाली निघाला. प्रीस्टली हा खाटकाकडे काम करणारा नोकर; जादा माल भरलेली गाडी मोडल्यामुळे त्याच्या मांडीचे हाड मोडले. ज्युरीने त्याला 100 पौंड दिले होते. लॉर्ड अ‍ॅबिंजर यांच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. मालकाला इथे जबाबदार धरले, तर उद्या मोलकरणीने अंथरूण ओले ठेवले म्हणूनही नोकर मालकावर दावा करील, असा त्यांचा युक्तिवाद होता. पाच वर्षांनी, 1842 मध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फारवेल नावाच्या इंजिन ड्रायव्हरचा खटला आला. रेल्वेच्याच सांधेवाल्याच्या चुकीने गाडी रुळावरून घसरली आणि फारवेलचा उजवा हात गेला. त्याची मजुरी रोज 2 डॉलर होती. मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ म्हणाले, धोक्याचा मोबदला त्या मजुरीतच धरलेला आहे. सहकाऱ्याच्या चुकीसाठी कंपनीकडे बघू नये.

शॉ यांचे तर्कशास्त्र कागदावर नीटनेटके होते, पण त्यामागे एक गृहीतक होते: कामगार धोका तोलून, मजुरीवर घासाघीस करून नोकरी धरतो. खाणीत उतरणाऱ्या किंवा यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला ही मोकळीक कधी होती? नोकरी नाकारण्याचा अर्थ चूल बंद होणे असा असेल, तर त्याला संमती म्हणणे मला तरी पटत नाही.

सहकाऱ्याची चूक हा मालकाचा एक बचाव झाला. दुसरा, धोका माहीत असून काम पत्करले, म्हणजे तो मान्य केला. तिसरा, अपघातात कामगाराची स्वतःची थोडीशीही चूक असेल तर दावा पूर्णच बुडाला. मोठ्या कारखान्यात अपघात कोणा ना कोणा सहकाऱ्याच्या हातून होतोच, धोका डोळ्यांना दिसत असतोच, आणि बारा तास राबलेल्या माणसाच्या हातून काहीतरी चुकतेच. त्यामुळे या तिन्ही चाळण्यांतून पार होणारा दावा विरळा. जो पार व्हायचा त्यालाही वकिलाचा खर्च आणि वर्षानुवर्षांची वाट चुकत नसे. आणि साक्ष द्यायची कोणी? त्याच मालकाकडे अजून नोकरी करणाऱ्या सोबत्यांनी.

ब्रिटनने 1880 मध्ये मालकांच्या जबाबदारीचा कायदा करून सहकाऱ्याच्या चुकीच्या बचावाला काही ठिकाणी मुरड घातली, पण चूक सिद्ध करण्याची अट कायम ठेवली. ही ठिगळपट्टी होती.

खरी कलाटणी जर्मनीने दिली. चॅन्सेलर बिस्मार्क यांनी 1878 मध्ये समाजवाद्यांवर बंदी आणली होती, आणि कामगारांना त्यांच्यापासून तोडायचे तर नुसती बंदी पुरणार नाही हे त्यांना कळले होते. हेतू राजकीय होता हे खरेच. तरी 1884 च्या अपघात विमा कायद्याने जे उभे केले ते टिकाऊ ठरले. प्रत्येक उद्योगातल्या मालकांचे सक्तीचे संघ काढले गेले आणि विम्याचा सगळा हप्ता मालकांवर आला. पहिले 13 आठवडे आजारपणाच्या विम्यातून मदत मिळायची. त्यानंतर पूर्ण अपंगत्व असेल तर मजुरीच्या दोन-तृतीयांश पेन्शन. मालकाने मुद्दाम इजा केलेली नसेल तर त्याच्यावर दावा नाही. सौद्याच्या दोन्ही बाजू इथे पहिल्यांदा एका कायद्यात आल्या.

ब्रिटनचा 1897 चा कामगार भरपाई कायदा मंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी पुढे रेटला. सुरुवातीला तो रेल्वे, कारखाने, खाणी अशा धोक्याच्या उद्योगांपुरताच होता. त्यात अर्धी मजुरी, तीही आठवड्याला जास्तीत जास्त 1 पौंड; मृत्यू झाला तर वारसांना तीन वर्षांची मजुरी, किमान 150 आणि कमाल 300 पौंड. 1906 मध्ये तो बहुतेक सगळ्या नोकऱ्यांना लागू झाला आणि काही व्यवसायजन्य रोगही त्यात आले. ‘कामामुळे आणि काम चालू असताना’ झालेला अपघात, ही त्यातली शब्दयोजना पुढे कितीतरी देशांच्या कायद्यांत गेली. 1923 च्या भारतीय कायद्यातही तीच होती. ब्रिटनने मात्र टॉर्टचा दरवाजा बंद केला नाही. भरपाई घ्यायची की दावा लावायचा, हे कामगाराने निवडायचे होते.

अमेरिकेत हा प्रश्न राज्याराज्यांतून लढला गेला. क्रिस्टल ईस्टमन यांनी पिट्सबर्ग भागातल्या कामावरच्या मृत्यूंचा वर्षभराचा हिशेब मांडला आणि 1910 मध्ये तो पुस्तकरूपाने आला. किती कुटुंबांच्या हाती नाममात्र रक्कम पडली, हे त्यातून उघड झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कने भरपाई कायदा केला. 24 मार्च 1911 रोजी तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला: चूक नसताना मालकाकडून पैसे घेणे म्हणजे त्याची मालमत्ता हिरावणे. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क शहरातल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. एक दार कुलूपबंद होते. 146 जण गेले, त्यांत बहुसंख्य तरुण मुली. मालक फौजदारी खटल्यातून सुटले, आणि पुढे दिवाणी दावे मिटले ते एका जिवामागे सुमारे 75 डॉलरवर. टॉर्ट त्या काळी काय देत होते, याचा याहून बोलका दाखला मला माहीत नाही.

विस्कॉन्सिन राज्याचा 1911 चा भरपाई कायदा टिकला. न्यूयॉर्कने 1913 मध्ये राज्यघटना दुरुस्त करून नवा कायदा आणला, आणि 1917 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. दोन्ही बाजू काही सोडतात आणि काही मिळवतात, हा त्या निकालाचा गाभा. 1948 मध्ये असा कायदा करून मिसिसिपी राज्याने शेवटचा नंबर लावला. रेल्वे कामगार यातून बाहेर राहिले. 1908 च्या केंद्रीय कायद्याखाली त्यांना आजही कंपनीचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण तो दाखवला तर वेदनांचीही भरपाई मिळते.

सौदा पक्का झाला, पण टॉर्ट मात्र जागेवर थांबले नाही. ब्रिटनमध्ये 1945 पासून कामगाराची थोडी चूक असली तर दावा बुडत नाही, रक्कम त्या प्रमाणात कमी होते. 1948 मध्ये सहकाऱ्याच्या चुकीचा बचाव पूर्ण रद्द झाला. अमेरिकेतही ज्युरी मोठ्या रकमा देऊ लागल्या. इकडे भरपाईचे तक्ते महागाईच्या मागे पडत गेले. 1972 मध्ये राष्ट्रीय आयोगाने अमेरिकेतल्या राज्यांच्या कायद्यांची तपासणी करून ते एकंदरीत अपुरे आणि असमान असल्याचे सांगितले. ज्या दाव्याच्या हक्कावर कामगारांनी पाणी सोडले तो 1911 मध्ये कवडीमोल होता. साठ वर्षांनी त्याला चांगली किंमत आली होती. आजोबांच्या सौद्यावर नातवंडांची सही नसते, तरी नातवंडांना तोच करार लागू होता.

न्यूझीलंडने उलट दिशा धरली. 1974 पासून तिथे कामावर असो, रस्त्यावर असो वा घरी, अपघाती इजेसाठी एकच भरपाई योजना आहे आणि त्या इजेसाठी भरपाईचा दावा सर्वसाधारणपणे लावता येत नाही.

अमेरिकेत कामगारांनी बाजूची वाट शोधली. मालकावर दावा नाही, पण यंत्र किंवा माल बनवणाऱ्या कंपनीवर आहे. 1973 च्या बोरेल खटल्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे उत्पादक धोक्याची सूचना न दिल्याबद्दल जबाबदार ठरले, आणि त्यानंतर अशा दाव्यांची रीघ लागली. म्हणून आज तिथे एकाच इजेच्या दोन फायली असू शकतात: मालकाच्या विमा कंपनीकडे चूक न विचारणारी एक, आणि उत्पादकाविरुद्ध चूक शोधणारी दुसरी. दुसरीतून पैसे आले की पहिलीने दिलेली भरपाई विमा कंपनी बहुतेक राज्यांत त्यातून परत वसूल करते.