मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : विनामूल्य वापर आणि सशुल्क सेवा

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वाचता, वापरता, बदलता आणि पुढे वाटता येतो ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ते घडवणाऱ्यांचे पोट कशावर चालावे, हा त्याच्या जन्मापासूनचा प्रश्न. काय सर्वांना खुले ठेवायचे आणि कशाचे पैसे घ्यायचे, ही रेघ प्रत्येक प्रकल्पाला कुठेतरी ओढावी लागते.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने जो घोळ होतो, तो मराठीत व्हायचे कारण नाही. आपल्याकडे ‘मुक्त’ वेगळे आणि ‘फुकट’ वेगळे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये आपला ईमॅक्स हा मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्राम टेपवर भरून १५० डॉलरला विकायला सुरुवात केली. ज्याला नेटवर्कवरून उतरवून घेणे शक्य होते त्याला तोच ईमॅक्स विनामूल्य मिळे. पैसे टेपचे आणि ती पाठवण्याच्या खटाटोपाचे. कोड दोघांचाही सारखाच मुक्त.

हाच धागा पुढे मोठ्या धंद्यात गेला. १९८९ मध्ये स्थापन झालेली सिग्नस ही कंपनी ग्नू या स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातील साधनांना पाठबळ देण्याचेच पैसे घेई. लिनक्स या मुक्त संचालन प्रणालीवर धंदा करणाऱ्या रेड हॅट कंपनीने ते सबस्क्रिप्शनच्या रूपात बसवले. ग्राहक लिनक्स विकत घेत नाही. वर्षानुवर्षे मिळणारे सुरक्षा-पॅच, हार्डवेअर तपासून प्रमाणित केल्याची खात्री आणि रात्री सर्व्हर कोसळला तर फोन उचलणारा माणूस विकत घेतो. थोडक्यात, ही पहिली वाट : विक्री जबाबदारीची. नव्या गोष्टी आधी आजमावणारी फेडोरा ही लिनक्सची आवृत्ती २००३ पासून सर्वांसाठी विनामूल्य राहिली. आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट घेतली, तेव्हा फुकट मिळणाऱ्या कोडवर धंदा होतो का, ही शंका मागे पडली.

दुसरी वाट दुहेरी परवान्याची. मायएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली जीपीएलखाली, म्हणजे पुढे वाटताना कोड खुलाच ठेवायला लावणाऱ्या परवान्याखाली, मोफत मिळे. ज्यांना ती आपल्या बंद उत्पादनात गुंफून विकायची असे, ते व्यावसायिक परवाना घेत. यासाठी सगळ्या कोडचे हक्क एका हाती असावे लागतात, म्हणून अशा कंपन्या बाहेरच्या योगदानकर्त्यांकडून करार लिहून घेतात. नवखे लोक हा करार न वाचताच मान्य करतात. वास्तविक उद्या परवाना बदलण्याची किल्ली त्यातच असते.

तिसरी वाट ‘ओपन कोअर’ची : गाभा खुला, वरचे काही भाग सशुल्क. इथे रेघ ओढणे सर्वांत अवघड. गाभा फारच तोकडा ठेवला तर तो निव्वळ नमुना ठरतो. सगळेच दिले तर विकायला काही उरत नाही. गिटलॅब या कोड साठवण्याच्या व एकत्र लिहिण्याच्या व्यासपीठाची कसोटी त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते. एखाद्या सुविधेची गरज प्रत्यक्ष कोड लिहिणाऱ्याला जास्त असेल तर ती विनामूल्य, व्यवस्थापकाला किंवा संचालकाला जास्त असेल तर सशुल्क. याउलट सुरक्षेची मूलभूत सोय पैशांच्या कुंपणाआड ठेवली की कुरबूर ठरलेलीच.

चौथी वाट होस्टिंगची, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवून देण्याची. संकेतस्थळे बनवण्याचे वर्डप्रेस स्वतःच्या सर्व्हरवर चढवायला काही द्यावे लागत नाही; ती दगदग दुसऱ्यावर सोपवायची तर पैसे. मात्र क्लाउड पुरवठादार तोच कोड घेऊन तीच सेवा विकू लागले आणि मूळ कंपन्यांचे गणित बिघडले. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलास्टिकने २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये परवाने आवळले. हे नवे परवाने मुक्तस्रोताची व्याख्या ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या व्याख्येत बसत नाहीत. उत्तरादाखल समुदायाने किंवा प्रतिस्पर्ध्यांनी अनुक्रमे इलास्टिक, हॅशिकॉर्प आणि रेडिस यांच्या जुन्या कोडवरून ओपनसर्च, ओपनटोफू आणि वाल्की हे फोर्क, म्हणजे वेगळे प्रकल्प, उभे केले.

या भांडणांत रेघ कुठे आहे यापेक्षा ती मागाहून सरकली, याचाच राग जास्त दिसतो. सेंटओएस लिनक्स ८ या रेड हॅटच्या लिनक्सच्या विनामूल्य प्रतिरूपाचा आधार २०२९ पर्यंत मिळेल असे धरून लोकांनी सर्व्हर उभारले होते. तो २०२१ अखेर थांबेल, असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. पुढच्याच वर्षी त्याची जागा घ्यायला अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आले. पहिल्या दिवसापासून पैसे मागणाऱ्याला कोणी शिव्या देत नाही. दिलेले काढून घेणाऱ्याला देतात.

दुसऱ्या टोकाला काहीच न विकणारे प्रकल्प असतात. २०१४ मध्ये हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली, तेव्हा जगातल्या असंख्य संकेतस्थळांचे कुलूप असलेल्या ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या सॉफ्टवेअरला वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या. त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता.

परवाने आवळलेल्यांपैकी दोघे अंशतः परतले आहेत. इलास्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएल या मुक्तस्रोत परवान्याचा पर्याय दिला. बदललेला कोड नेटवर्कवरून सेवा म्हणून देणाऱ्यालाही तो उघड करायला लावणारा हा परवाना आहे. ओपनसर्च आणि वाल्की मात्र मूळ प्रकल्पांत विलीन झालेले नाहीत. त्यांचा विकास स्वतंत्रपणे चालू राहिला.