कॅलप्रोटेक्टिन

न्यूट्रोफिल या श्वेत रक्तपेशींच्या पेशीद्रवात विपुल आढळणारे, कॅल्शियम व जस्त बांधून ठेवणारे प्रथिन. आतड्यांच्या दाहक विकारांत ते मलात आणि दाहक संधिविकारांत रक्तात व संधिद्रवात वाढते. त्यामुळे दोन्ही क्षेत्रांतील संशोधनात ते दाहाचा दर्शक म्हणून मोजले जाते. न्यूट्रोफिलच्या पेशीद्रवातील विद्राव्य प्रथिनांत याचा वाटा सुमारे निम्मा असतो (अंदाज ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान बदलतात). मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या श्वेत रक्तपेशींत ते याहून कमी असते. एखाद्या नमुन्यात ते वाढलेले दिसले, की त्या ठिकाणी न्यूट्रोफिल मोठ्या संख्येने पोचले आहेत एवढे खात्रीने म्हणता येते. ते कशामुळे पोचले, हे या आकड्यावरून कळत नाही. या दर्शकाविषयीचे बहुतेक गैरसमज हा फरक नजरेआड केल्याने होतात.

शोधाचे श्रेय कोणाला द्यावे यावर मतैक्य नाही. नॉर्वेमध्ये मॅग्ने फॅगरहोल व सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास श्वेतपेशींतून हे प्रथिन वेगळे केले व त्याला एल१ म्हटले. १९८७ मध्ये दुसऱ्या एका गटाला संधिवाताच्या (र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) रुग्णांच्या सांध्यांत शिरलेल्या मॅक्रोफेज (सूक्ष्मजीव व मृत पेशी गिळणाऱ्या) पेशींत दोन कॅल्शियमग्राही प्रथिने सापडली. मॅक्रोफेजचे स्थलांतर रोखणाऱ्या घटकाविरुद्धच्या प्रतिपिंडाने ती पकडली गेली होती, म्हणून त्यांना एमआरपी८ व एमआरपी१४ ही नावे मिळाली. त्या घटकाचे कार्य मात्र त्यांच्यात नसल्याचे पुढे दिसले. त्याच वर्षी सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या अभ्यासातून ‘सिस्टिक फायब्रोसिस प्रतिजन’ म्हणून पुढे आलेले प्रथिन म्हणजे एमआरपी८च होते. त्या रोगाचे जनुक सातव्या गुणसूत्रावर निघाले, तर हे पहिल्या गुणसूत्रावरचे; त्यामुळे तो धागा तिथेच संपला. कॅलप्रोटेक्टिन हे नाव १९९० मध्ये, त्याची सूक्ष्मजीवविरोधी क्रिया दाखवून देताना सुचवले गेले. अखंड प्रथिनाच्या शोधाचा मान नॉर्वेतील गटाकडे जातो असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सांध्यांशी त्याचे नाते मात्र १९८७ च्या कामातूनच उघड झाले.

रचनेबाबतही सुरुवातीचे आकडे बदलले. आरंभीच्या लेखनात रेणुभार सुमारे ३६.५ किलोडाल्टन दिला जाई व रेणू तीन घटकांचा मानला जाई. आता तो एस१००ए८ (म्हणजेच एमआरपी८, सुमारे ११ किलोडाल्टन) व एस१००ए९ (म्हणजेच एमआरपी१४, सुमारे १३ किलोडाल्टन) यांची जोडी मानला जातो. कॅल्शियम भरपूर असताना अशा दोन जोड्या एकत्र येऊन चतुष्क बनते. जोडीतील दोन जागी जस्त व मँगॅनीजसारखे धातू घट्ट धरले जातात. वाढीसाठी हेच धातू लागत असल्याने जीवाणूंची व बुरशीची उपासमार होते. पेशीबाहेर पडल्यावर हे प्रथिन टीएलआर४ या, पेशीच्या पृष्ठभागावर संकेत टिपणाऱ्या ग्राहीमार्फत दाह आणखी पेटवू शकते, असे २००७ पासूनच्या प्रयोगांतून दिसते. म्हणजे ते दाहाचे चिन्ह आहे, तसेच काही अंशी दाहाचा भागीदारही असावे.

मलातून ते मोजण्याची पद्धत १९९२ मध्ये नॉर्वेतच प्रसिद्ध झाली. नमुन्यात खाचा पाडलेली काडी बुडवतात, खाचांत भरलेला ठरावीक मल निष्कर्षण द्रावात हलवून मिसळतात, गाळ तळाशी बसवतात आणि वरच्या द्रवावर एलायझा (प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिन मोजणारी) चाचणी करतात. मल पातळ असेल तर खाचा पुरत्या भरत नाहीत व आकडा कमी येतो. जुने निष्कर्ष मिलिग्रॅम प्रतिलिटर या एककात असून त्यांतील १० ही मर्यादा सुधारित पद्धतीत ५० मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅम होते. हा पाचपटीचा फरक विसरून जुने व नवे अभ्यास एकत्र करणे धोक्याचे आहे. ५० च्या खालचे मूल्य आतड्यांचा दाहक विकार असण्याची शक्यता बरीच कमी करते. ज्ञात रुग्णांत २५० च्या वरचे मूल्य सहसा सक्रिय रोग सुचवते. आयबीएस (दाह नसताना पोटदुखी व शौचाच्या तक्रारी होणारा आतड्यांचा विकार) व दाहक आंत्ररोग यांत फरक करण्यासाठी ही चाचणी वापरण्याची शिफारस ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये केली. यकृतात तयार होणारे सीआरपी हे दाहाचा दर्शक म्हणून मोजले जाणारे रक्तातील प्रथिन अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहक रोगात पुष्कळदा फारसे वाढत नाही. तिथे मलातील मापनाचा विशेष उपयोग होतो.

संधिविकारांच्या संशोधनात हीच चाचणी अवघड होते. बेल्जियममधील गेंट येथे १९८० च्या दशकात मणक्यांच्या दाहक संधिविकारांच्या रुग्णांची आंत्रदुर्बिणीने तपासणी झाली. पोटाची तक्रार नसतानाही निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांच्या आतड्यांत सूक्ष्म दाह आढळला. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्यांच्या दाहक संधिविकारात मलातील कॅलप्रोटेक्टिन वाढलेले दिसते, ते या निरीक्षणाशी जुळते. पण हेच रुग्ण आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके दीर्घकाळ घेतात आणि ही औषधे स्वतःच लहान आतड्याला इजा करून मलातील मूल्य वाढवतात. केवळ औषधांमुळे वाढ होते हे मत पुरेसे वाटत नाही, कारण गेंटच्या ऊतिपरीक्षणातील बदल रोगाच्या स्वरूपाशी निगडित होते. तरीही औषधांची नोंद न ठेवलेल्या अभ्यासावर फार विसंबू नये.

रक्तातील मापनात अडचण वेगळी आहे. साध्या नळीत रक्त गोठत असताना न्यूट्रोफिलमधून कॅलप्रोटेक्टिन बाहेर झिरपते. त्यामुळे सीरममधील (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातील) मूल्य ईडीटीए हे गोठणरोधक घातलेल्या नळीतील प्लाझ्मापेक्षा (न गोठलेल्या रक्ताच्या द्रवभागापेक्षा) जास्त येते. दोन्हींची तुलना थेट करता येत नाही. संधिवातात रक्तातील मूल्य सुजलेल्या सांध्यांच्या संख्येशी बरे जुळते. संधिद्रवात ते रक्ताच्या कित्येक पट असते. त्यावरून रक्तातील वाढीचा बराच भाग सांध्यांतून येत असावा असे मानतात.

मुलांतील प्रणालीगत (संपूर्ण शरीरावर परिणाम करणाऱ्या) संधिदाहात रक्तातील मूल्ये फार उंचावतात. औषध थांबवल्यावर रोग उलटेल का, याचा अंदाज बांधण्यासाठी त्यांचा अभ्यास झाला आहे. निरोगी तान्ह्या बाळांच्या मलातही हे प्रथिन प्रौढांपेक्षा बरेच जास्त असते; त्यांना प्रौढांच्या मर्यादा लागू पडत नाहीत.